पेट्रोलचा पाव थेंब

समजा तुमची १२५ सीसीची गाडी लिटरला ६० किलोमीटर देते आणि तुम्ही टॉप गिअरमध्ये ताशी ५० च्या वेगाने निघालात. इंजिन मिनिटाला साधारण ४,५०० फेरे घेतंय. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल घेतं, म्हणजे मिनिटाला २,२५० वेळा. ६० किलोमीटर जायला ७२ मिनिटं लागतात. गुणाकार केला तर एका लिटरचे १ लाख ६२ हजार घास होतात. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो, आणि इंजिनचा एक घास म्हणजे त्या लहान थेंबाचाही पाव भाग.

हा पाव थेंब नेमका मोजून द्यायचा, तोही सेकंदाला सदतीस-अडतीस वेळा. गाडी चढावर असो, सिग्नलला उभी असो, पहाटेच्या थंडीत असो की मे महिन्याच्या उन्हात, घास चुकता कामा नये. कार्बोरेटर आणि फ्युएल इंजेक्शन ही हा घास मोजायची दोन वेगळी तंत्रं आहेत. ताकद, अॅव्हरेज, स्टार्टिंगचा त्रास, खर्च, प्रदूषण, या सगळ्या वादांच्या मुळाशी तो एक पाव थेंब असतो.

घास मोजायचा तो हवेच्या हिशेबाने. पेट्रोल पूर्ण जळायचं तर एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. हवा वजनाला हलकी, त्यामुळे हा आकडा आकारमानात केवढा मोठा होतो ते चटकन लक्षात येत नाही. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. उन्हाळ्यात गावोगावी फिरणारा पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. जवळपास तेवढी हवा तुमची गाडी दर ६० किलोमीटरला ओढून घेते. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झालं की मिश्रण रिच झालं म्हणतात. प्लग काळा पडतो, सायलेन्सरमधून धूर आणि पेट्रोलचा वास येतो. उलट झालं की लीन. इंजिन तापतं, पिकअप मार खातो, रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

फ्लिटचा पंप

ज्यांच्या घरी ढेकूण-डास मारायचा फ्लिटचा पंप होता त्यांना कार्बोरेटर निम्मा कळलेला आहे. पंपाचा दांडा ढकलला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जोरात जायचा. नळीचं दुसरं टोक डब्यातल्या औषधात बुडालेलं असायचं. औषध आपोआप वर चढायचं आणि झोतात मिसळून त्याचे तुषार व्हायचे. झोत नळीच्या तोंडावरून जोरात जाताना तिथला दाब आजूबाजूच्या हवेपेक्षा कमी होतो आणि त्या कमी दाबामुळे औषध वर ओढलं जातं, एवढंच त्यातलं शास्त्र.

कार्बोरेटरमध्ये हवा ढकलायला दांडा नसतो. पिस्टन खाली जाताना जी ओढ निर्माण करतो तिच्यामुळे हवा आत येते. तिच्या वाटेत एक अरुंद गळा असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून वर येऊन तिच्यात मिसळतं. वाटीतली पातळी कायम राखायला फ्लोट असतो. घराच्या टाकीवरचा बॉल कॉक जसा पाणी भरलं की नळ बंद करतो तसाच हा. तो अडकला की गाडी ओव्हरफ्लो होते आणि पार्किंगमध्ये पेट्रोलचं डबकं साठतं.

१८९३ साली बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी असा फवारा देणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखही त्याच कल्पनेवर काम करत होता. तिथपासून आपल्या २०१९ च्या स्प्लेंडरपर्यंत मूळ तत्त्व तेच राहिलं. सव्वाशे वर्षं एखादं यंत्र वीज नाही, गणित नाही, फक्त हवेच्या ओढीवर चालतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

माझी ओळख त्याच्याशी झाली ती कराडला, आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या गॅरेजमध्ये. गॅरेजवाल्यांना सगळे मामाच म्हणायचे. दहावीच्या सुट्टीत मी तिथे जाऊन बसायचो. मामांनी पहिल्या दिवशी माझ्या हातावर एक पितळी जेट ठेवला आणि म्हणाले, "उजेडाकडं धरून बघ." मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र होतं. जेटवर आकडा होता, ३८. केहिन या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपनीच्या जेटवर असा आकडा ढोबळमानाने छिद्राचा व्यास सांगतो, ३८ म्हणजे ०.३८ मिलिमीटर. हा पायलट जेट. सिग्नलला गाडी उभी असताना, आयडलिंगला असताना आणि रेस जेमतेम उघडलेली असताना पेट्रोल यातूनच येतं. पाव रेसपासून पाऊण रेसपर्यंत काम करते ती नीडल, म्हणजे खाली निमुळती होत गेलेली सुई. रेस दिली की ती वर उचलली जाते आणि तिच्या भोवतीची फट वाढते. पूर्ण रेसला मेन जेट. बाहेरून एकच दिसणाऱ्या कार्बोरेटरमध्ये अशी तीन-चार छोटी दुकानं असतात आणि रेसच्या प्रत्येक टप्प्याला एक दुकान उघडं असतं.

म्हणून "गाडी मिसिंग करते" म्हणत कोणी आलं की मामांचा पहिला प्रश्न असायचा, "कितव्या रेसला?" आयडलिंगला बंद पडत असेल तर पायलटमध्ये कचरा. मधल्या रेसला भुकभुकत असेल तर नीडल. फुल रेसला दम तुटत असेल तर मेन जेट किंवा पेट्रोलचा कॉक. गाडी खोलायच्या आधीच निम्मं निदान झालेलं असायचं.

कार्बोरेटरची गाडी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कचरा काढायला जेटमध्ये तार घालू देऊ नका. पितळ मऊ असतं. वायरची एक शीर चार वेळा आत-बाहेर केली की ०.३८ चं छिद्र मोठं होतं, आणि मग "कार्बोरेटर साफ केल्यापासून गाडी जास्त पिते" अशी तक्रार सुरू होते. स्प्रे मारावा, हवा मारावी, तेवढ्याने निघत नसेल तर जेट बदलावा. त्याची किंमत अॅव्हरेज बिघडल्याच्या नुकसानीपुढे काहीच नसते.

कार्बोरेटरला काय कळत नाही

कार्बोरेटरला हवेची ओढ कळते, हवेचं वजन कळत नाही. त्याच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढा. खाली समुद्रसपाटीच्या जवळ असता, वर साडेतेराशे मीटरवर. हवा बारा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. पिस्टन आधीइतक्याच घनफळाची हवा ओढतो, पण तिच्यात प्राणवायू कमी असतो. कार्बोरेटर मात्र पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं रिच होतं. महाबळेश्वरला हा फरक सांभाळून घेता येतो. लडाखमध्ये खारदुंग ला ही खिंड चढताना तो सांभाळता येत नाही. तिथे साधारण ५,३५० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त उरते, आणि हिशेबाने मिश्रण तीसेक टक्के रिच होतं. जुन्या बुलेटवाल्यांचे घाटात प्लग काळे पडायचे आणि वाटेत थांबून हवेचं प्रमाण कमी-जास्त करणारे एअर स्क्रू फिरवावे लागायचे, त्याचं कारण हेच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फ्युएल इंजेक्शनची गाडीही खारदुंग लावर दमते. हवाच निम्मी तर ताकदही जवळपास निम्मीच राहणार. फरक इतकाच की इंजेक्शन पेट्रोलही त्या मानाने कमी देतं, त्यामुळे गाडी दमली तरी गुदमरत नाही. रॉयल एन्फिल्डची हिमालयन २०१६ मध्ये नावातच डोंगर घेऊन आली तेव्हा तिला कार्बोरेटर होता. २०१७ मध्ये तिच्यावर इंजेक्शन आलं.

दुसरी अडचण थंडीची. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा उतरतो तेव्हा पेट्रोलची वाफ नीट होत नाही. तुषार थंड भिंतींना चिकटून राहतात आणि प्लगपर्यंत पोचणारं मिश्रण लीन असतं. म्हणून चोक ओढायचा, म्हणजे मुद्दाम रिच मिश्रण द्यायचं. किती ओढायचा आणि कधी सोडायचा हे चालवणाऱ्याने ठरवायचं. म्हणजे कार्बोरेटरच्या गाडीत तापमानाचा सेन्सर चालवणारा स्वतः असतो.

तिसरी अडचण झटक्याची. रेस एकदम पिळली की हवा हलकी म्हणून लगेच धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. क्षणभर मिश्रण लीन होतं आणि गाडी अडखळते. नंतरच्या काळातल्या व्हॅक्यूम कार्बोरेटरमध्ये यावर छान उपाय होता. केबल स्लाइडला, म्हणजे गळ्यातल्या सरकत्या दट्ट्याला, थेट उचलत नाही, केबल फक्त एक झडप उघडते. स्लाइड उचलायचं काम इंजिनच्या ओढीने रबरी पडद्यामार्फत होतं. इंजिनला झेपेल तेवढीच स्लाइड वर येते. पडदा फाटला की गाडी एका वेगाच्या पुढे जायला तयार होत नाही. सेकंडहँड पल्सर किंवा युनिकॉर्न घेताना हा पडदा काढून उजेडात ताणून पाहावा.

ठिबक

पाटाने पाणी देणं आणि ठिबकने देणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. ठिबकच्या संचात पंपाचा दाब ठरलेला असतो. पाणी किती द्यायचं ते व्हॉल्व्ह किती मिनिटं उघडा ठेवायचा यावर ठरतं. फ्युएल इंजेक्शन असंच चालतं. टाकीच्या आत विजेवर चालणारा छोटा पंप असतो. तो पेट्रोल साधारण तीन बार दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तिप्पट जोराने, इंजेक्टरपर्यंत आणून ठेवतो. इंजेक्टर ही विजेने उघडणारी तोटी. दाब तोच राहतो, बदलते ती उघडी राहण्याची वेळ. मघाच्या ताशी ५० च्या वेगाला ती दोन-तीन मिलिसेकंद उघडते. हजार मिलिसेकंदांचा एक सेकंद होतो.

किल्ली फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद "झूंऽऽ" असा बारीक आवाज येतो तो या पंपाचा. तो थांबेपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर दाबायचा. ही सवय लावून घ्या, कारण दाब पूर्ण तयार झाला की गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते.

तोटी किती वेळ उघडायची ते ठरवतो ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक. तो दर घासाला नव्याने गणित मांडत बसत नाही. त्याच्याजवळ रेडी रेकनरसारखं एक तयार कोष्टक असतं. इंजिनचे फेरे इतके, रेस इतकी उघडी किंवा इनटेकमधला, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेतला, दाब इतका, तर तोटी इतका वेळ उघडायची. कंपनीने टेस्ट बेंचवर महिनोन्‌महिने इंजिन पळवून हे कोष्टक भरलेलं असतं. त्यातून आलेल्या आकड्यात मग दुरुस्त्या होतात. इंजिन थंड आहे? थोडं जास्त. आत येणारी हवा गरम आहे? गरम हवा विरळ, म्हणून थोडं कमी. बॅटरीचा व्होल्टेज उतरलाय? तोटी उघडायला उशीर लागेल, म्हणून वेळ वाढव. चोक, एअर स्क्रू आणि मामांचा कान ही तिन्ही कामं आता या दुरुस्त्यांमध्ये आली आहेत.

यातून एक फायदा होतो, जो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असेल आणि रेस पूर्ण सोडली असेल तर ईसीयू तोटी बंदच ठेवतो. चाकंच इंजिनला फिरवत असतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलीत तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलिंगपुरतं पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल करणारा इंजेक्शनच्या गाडीत उलट पेट्रोल घालवतो, आणि इंजिनची ब्रेकसारखी मिळणारी साथही गमावतो. खंबाटकी उतरताना हे लक्षात असू द्या.

मग बदल का झाला

"इंजेक्शनने ताकद वाढते म्हणून कंपन्यांनी ते आणलं," असं सर्रास बोललं जातं. आपल्याच पुण्याच्या बजाजचं उदाहरण पाहा. २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसकट आली तेव्हा कंपनीने तिची ताकद २० पीएसच्या (मेट्रिक अश्वशक्तीच्या) आसपास सांगितली होती. २००९ मध्ये कंपनीने इंजेक्शन काढून तिच्यावर कार्बोरेटर बसवला. ताकद २१ पीएसवर गेली, किंमत खाली आली आणि तीच गाडी पुढे वर्षानुवर्षं रस्त्यावर दिसत राहिली. चांगला कार्बोरेटर नीट लावला तर पूर्ण रेसला तो कोणापेक्षा कमी नसतो. त्याआधी २००६ मध्ये हिरो होंडाने ग्लॅमरवर इंजेक्शन आणलं होतं, तेही लोकांनी फारसं उचललं नाही. जगाच्या बाजारात कावासाकीने १९८० मध्येच झेड१००० च्या एका मॉडेलवर इंजेक्शन दिलं होतं. म्हणजे तंत्र हाताशी असूनही चाळीस वर्षं आपल्या रोजच्या गाड्या कार्बोरेटरवरच धावत होत्या.

ती परिस्थिती बदलली ती सायलेन्सरच्या पोटातल्या एका भांड्यामुळे. त्याचं नाव कॅटलिटिक कन्व्हर्टर.

त्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. त्याला दोन परस्परविरोधी कामं एकाच वेळी करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल यांना प्राणवायू द्यायचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून प्राणवायू काढून घ्यायचा. धुरात प्राणवायू जरा जास्त उरला की दुसरं काम अडतं, जरा कमी पडला की पहिलं. मिश्रण १४.७ च्या अगदी आसपास असेल तरच दोन्ही साधतात. कार्बोरेटर ऋतूनुसार, उंचीनुसार आणि कचऱ्यानुसार पाच-दहा टक्के सहज इकडेतिकडे होतो. चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही, पण त्या भांड्याला ते चालत नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे भारत स्टेज-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम, लागू झाले, बीएस-४ वरून थेट, मधला टप्पा गाळून. दुचाकीला एका किलोमीटरमागे नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ठरली ६० मिलिग्रॅम. पेट्रोलमधलं गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणलं, कारण गंधक त्या भांड्यातले धातू निकामी करतं. या मर्यादेत राहायचं तर मिश्रण सतत तपासून सतत दुरुस्त करणारी यंत्रणा लागणार होती. बजाजने काही छोट्या गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरचा मधला मार्ग काही काळ वापरून पाहिला. बाकी स्प्लेंडर, अॅक्टिव्हा, क्लासिक ३५० अशा नावाजलेल्या गाड्या ती तारीख यायच्या आधीच इंजेक्शनवर गेल्या होत्या.

माझं स्पष्ट मत आहे की हा बदल योग्य झाला. कार्बोरेटरवर माझं प्रेम आहे, पण सकाळी नऊ वाजता स्वारगेटच्या चौकात सिग्नलला शंभर दुचाक्या उभ्या असतात आणि त्यांच्यामध्ये शाळेत चाललेली पोरं असतात. त्यांच्या नाकात काय जातं, याचा विचार आधी व्हायला हवा.

मिश्रण तपासायचं काम करतो ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरच्या बेंडवर प्लगसारखं जे काही खोचलेलं दिसतं ते हेच. आत झिर्कोनियाचं छोटं टोपण असतं. त्याच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या प्राणवायूत फरक असला की टोपणात वीज तयार होते. मिश्रण रिच, म्हणजे धुरात प्राणवायू जवळजवळ नाही, तर ०.८-०.९ व्होल्ट. लीन असेल तर ०.१ च्या आसपास. ईसीयू हा आकडा बघतो. लीन दिसलं की तोटी किंचित जास्त उघडतो, रिच दिसलं की किंचित कमी. आकडा सारखा वर-खाली झुलत राहतो. हा झोका चालू आहे म्हणजे गाडी निरोगी आहे. तीनशेएक अंश तापल्याशिवाय हा सेन्सर खरं बोलत नाही, म्हणून सुरुवातीला ईसीयू फक्त कोष्टकावर गाडी चालवतो. पूर्ण रेसलाही तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून मुद्दाम थोडं रिच देतो.

विजेवाचून

इंजेक्शनची बाजू घेताना तिची उणीवही सांगितली पाहिजे, आणि ती मी भोगली आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गाडी दापोलीला नातेवाइकांच्या अंगणात तीन आठवडे उभी राहिली. निघायच्या दिवशी किल्ली फिरवली, मीटरसुद्धा पेटला नाही. भावाने आणि शेजारच्या दोघांनी चिखलातून उतारावर चार वेळा धक्का दिला. सेकंड गिअरला टाकून क्लच सोडला, इंजिन फिरलं, पण एकदाही पेटलं नाही. कराडला मामांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "किल्ली दिल्यावर टाकीतून आवाज येतोय का?" मी म्हटलं, "नाही मामा." ते म्हणाले, "मग धक्का कशाला मारताय? पेट्रोल वर आणणार कोण?"

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल टाकीतून आपल्या वजनाने खाली येतं आणि पिस्टनच्या ओढीने आत जातं. ठिणगीची वीज बऱ्याच गाड्यांत मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या छोट्या जनरेटरवर, तयार होते. बॅटरी काढून ठेवली तरी अशी गाडी किकवर सुरू व्हायची. इंजेक्शनमध्ये पंप, ईसीयू, तोटी सगळं विजेवर. बॅटरी थोडी उतरली असेल, पंप वाजत असेल, तर धक्क्याने काम होऊ शकतं. ठार मेली असेल तर बहुतेक गाड्यांत धक्का वाया जातो. दुसऱ्या बॅटरीची तार जोडणं हाच मार्ग. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनस वायर सोडून ठेवावी.

टाकी कोरडी होईपर्यंत चालवायची सवयही सोडायला हवी. पूर्वी गाडी रिझर्व्हला लागली की कॉक फिरवून आणखी पंचवीस-तीस किलोमीटर काढता यायचे. इंजेक्शनच्या गाडीला तो कॉक नाही, आणि पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तो पेट्रोलनेच थंड राहतो. काटा तळाला लावून रोज फिरलात तर पंप तापतो, तळाची घाण ओढतो आणि लवकर जातो. जेट बदलायला शे-दोनशे रुपये पुरायचे, पंपाला काही हजार मोजावे लागतात.

इथेनॉल

सध्या गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न इथेनॉलचा आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. हे इथेनॉल उसाचा रस आणि मळी, तसंच तांदूळ-मका यांच्यापासून होतं, म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या साखर कारखान्यांशी त्याचं थेट नातं आहे. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पट हवा पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण लीन दिसतं आणि ईसीयू त्याच्या मर्यादेत पेट्रोल वाढवून घेतो. कार्बोरेटरला टाकीत काय आहे ते कळायचा मार्गच नाही. तो जुन्याच मापाने देत राहतो आणि मिश्रण सात-आठ टक्के लीन होतं. इंजिन जास्त तापणं, थंडीत अडखळणं, रेस सोडल्यावर फटाके, ही त्याची लक्षणं.

मामा अशा जुन्या गाड्यांना नीडलची क्लिप एक खाच खाली घेतात, म्हणजे सुई वर येते आणि मधल्या रेसचं मिश्रण थोडं रिच होतं. गरज पडली तर पायलट जेट एक नंबर मोठा. फ्लोटच्या सुईचं टोक आणि रबरी रिंगा फुगल्यात का तेही बघतात. आणि प्रत्येकाला बजावतात की गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटीच्या तळचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाका. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि साचलेलं पेट्रोल उडून गेल्यावर मागे जो चिकट राप उरतो तो ०.३८ मिलिमीटरच्या छिद्रात सगळ्यात आधी बसतो.

गेल्या दिवाळीत मी गॅरेजवर गेलो तेव्हा मामांच्या हातात ईसीयू आणि सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर होता. एक पोरगा १२५ ची इंजेक्शनची गाडी घेऊन आला होता. लिटरला पन्नास देणारी गाडी पस्तिसावर आली होती, आणि दोन ठिकाणी सेन्सर बदलून झाले होते. मामांनी आधी प्लग काढला. काळाकुट्ट, म्हणजे मिश्रण रिच. मग स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरचा आकडा ०.१ वर चिकटून बसलेला, म्हणजे सेन्सरच्या मते मिश्रण लीन. प्लग एक सांगतोय आणि सेन्सर दुसरंच. मामांनी गाडी सुरू ठेवली, आजूबाजूचा आवाज बंद करायला लावला आणि इंजिनपाशी कान नेला. सायलेन्सरचा बेंड जिथे इंजिनला बसतो तिथे बारीक "टिक्-टिक्" येत होतं. "पॅकिंग गेलंय," ते म्हणाले. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सरला त्या हवेतला प्राणवायू दिसत होता, तो लीन म्हणत होता आणि ईसीयू त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत सुटला होता.

पॅकिंग बदललं, बोल्ट आवळले, गाडी पाच मिनिटं तापू दिली. पोरगा स्कॅनरवर वाकून बघत होता. ०.१, ०.७, ०.२, ०.८. आकडा झुलायला लागला होता. मामांनी स्कॅनरकडे न बघताच रेस थोडी पिळून सोडली, ऐकलं, आणि हात पुसायला घेतले.